बटण नसलेली पेटी

काकाजींपुढे बिघडलेलं काहीही ठेवलं की ते आधी त्याच्यावर फुंकर मारायचे. रेडिओ असो, इस्त्री असो, नाही तर माझ्या टायपिंग क्लासातलं यंत्र. गाल फुगवून एक जोरदार फू! मग कान जवळ न्यायचा आणि निकाल द्यायचा, "एकच पुर्जा गेला. बाकी धड हाय जी." कोणता पुर्जा ते त्यांना अजून ठाऊक नसायचं, पण एकच गेलाय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसायची.

हे वाक्य त्यांनी यंत्रांपुरतं ठेवलं नव्हतं. मोहगावची बस रस्त्यात बंद पडली, एकच पुर्जा गेला. समोरच्यांचा जावई रुसून निघून गेला, एकच पुर्जा गेला. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हेच सांगितलं होतं. कोणता, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सौंसरला आमच्या दोघांत एक भिंत होती. इकडे माझा क्लास, तिकडे त्यांचं दुकान. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं आणि रेडिओ दुरुस्तीला येणं कमी झालं होतं. तेव्हा साठी गाठलेल्या या माणसानं नागपूरहून व्हिडिओ गेमची एक जुनी पेटी आणली आणि दारावर 'कम्पूटर गेम' अशी पाटी लावली. प्लायवूडची उभी पेटी, आत काळापांढरा टीव्ही, समोर मधोमध एक दांडा. दांडा हलवला की पडद्यावरची मोटार डावीउजवीकडे सरकायची. समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या, एवढाच खेळ. शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन परतणारी माणसं कपाळावरच्या शेंदरासकट रांगेत उभी राहायची.

स्वस्तातली वस्तू, ती स्वस्तासारखीच वागायची. काकाजींनी आधी तिचा करंटचा डबा बदलला, मग पिक्चर ट्यूब, मग दांडा, मग स्पीकर. चित्र रंगीत दिसावं म्हणून काचेवर वर निळी आणि खाली हिरवी पट्टी चिकटवली, त्यामुळे समोरून येणारी प्रत्येक मोटार आधी निळी आणि मग हिरवी होऊन जायची. एकदा मी विचारलं, "काकाजी, हिच्यात मूळचं काही उरलंय का?"

"हाय ना जी," ते म्हणाले, "वाळवी."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला वाटतं, हा चिकटपणा आहे. मलाही वाटलं. तोवर बसस्टँडजवळ एक नवं दुकान निघालं होतं. तिथे खरा रंगीत पडदा आणि विमानाचा खेळ. डाव्या हातानं दांडा हलवायचा आणि उजव्या हातानं बटण दाबून गोळ्या झाडायच्या. आमच्याकडची अर्धी रांग तिकडे गेली. काकाजी छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेनं, नागपूरला जाऊन आले. तिथल्या दुकानदारानं साफ सांगितलं होतं की नव्या खेळाचं सर्किट जुन्या पेटीत बसायचं नाही. जोड वेगळा, करंट जास्त, टीव्ही रंगीत हवा. तुकडे बदलत बसू नका, पूर्ण पेटीच घ्या. एवढं ऐकून काकाजी परतले ते काडेपेटीएवढा एक सुटा भाग घेऊन. जुन्याच पेटीसाठी.

माझं डोकं लवकर तापतं. मी तोंडावर त्यांना चिंगूस म्हणालो. वर सुनावलं की काकाजी, तुम्ही मढ्याला औषध पाजताय.

ते चिडले नाहीत. पेटीवर फुंकर मारत म्हणाले, "नव्या पेटीत बटन येते जी."

"मग येऊ द्या की!"

"सुखदेव काय करन मंग?"

सुखदेव पेटीपुढे उभा होता. जवळच्या रामाकोना गावचा, तिशीचा, जिनिंगमध्ये कामाला. गाड्या चुकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा डाव सुरू झाला की पोरं काय, मोठी माणसंही रांग मोडून पाहायला यायची. डावा हात दांड्यावर, उजव्या हातावर खांद्यावरून सोडलेला दुपट्टा. त्या दुपट्ट्याखाली मनगटापुढे काही नव्हतं. कापसाच्या मशीननं तीन वर्षांपूर्वी नेलं होतं आणि जिनिंगवाल्यांनी मग त्याला फाटकावर बसवलं होतं.

हे गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण शपथेवर सांगतो, तो खेळत असताना कधी आठवलं नाही. माझा तर धंदाच बोटांचा. रस्त्यात भेटलेल्या माणसाची मी आधी बोटं पाहतो, मग तोंड. आणि दोन वर्षं दर शनिवारी मी सुखदेवचा फक्त खेळ पाहत होतो. ती एकच जागा होती जिथे त्याच्याकडे कोणी कीव करून बघत नव्हतं, आणि काकाजी ती जागा एकेक पुर्जा बदलून टिकवून ठेवत होते. चिंगूस म्हणाल्याची मला लाज वाटली. ती आजही वाटते.

पण किती टिकवणार? त्या खेळाची मुख्य चिप गेली आणि तसली चिप नागपुरातही मिळेना. तेव्हा काकाजींनी हात टेकले. नवी पेटी आली, पण तिला त्यांनी आठवडाभर कापडाखाली झाकून ठेवलं. आत ठोकाठोकी चालली होती. मधेच काकीचा आवाज भिंतीपलीकडून आला, "माही शिवणाची मशीन काऊन खोलून रायले जी?" उत्तरादाखल हातोडीचे आणखी दोन ठोके आले.

शनिवारी नारळ फोडला, कापड दूर केलं. पेटी झकास होती. दांडा, बटण आणि खाली जमिनीलगत काकीच्या शिवणयंत्राचं लोखंडी पायडल. पायडलखाली दाराच्या घंटीचं बटण बसवलेलं. पायानं दाबलं की विमानातून गोळी सुटायची. ज्याला हातानं मारायची त्यानं हातानं मारावी, ज्याला पायानं त्यानं पायानं. मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला.

सुखदेव दारात दिसला आणि काकाजींना राहवलं नाही. भरल्या दुकानात ते ओरडले, "ये बाप्पा सुखदेव! पह्यला डाव तुहा! तुह्यासाठी खास पायडल केलं. अरे, एकच पुर्जा गेला तुहा, बाकी मानूस धड हाय!"

सगळ्यांनी एकदम दुपट्ट्याकडे पाहिलं. एकानं तर कौतुकानं टाळी वाजवली. सुखदेवनं पायडल पाहिलं, दुपट्टा थोडा पुढे ओढला आणि म्हणाला, "आज ड्यूटी हाय काकाजी. येतो मंग." आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकाजी दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघायचे. शेवटी माझ्याकडे येऊन बसले. "काऊन येऊन नाई रायला तो? पायडल तं चांगलं चालून रायलं."

मी म्हणालो, "काकाजी, तीन वर्षं तो जो हात झाकत होता, तो तुम्ही सगळ्यांपुढे उघडा केला."

एवढं स्पष्ट बोलायला नको होतं. म्हातारा माणूस तो. माझ्या टेबलाची कड अंगठ्यानं घासत म्हणाले, "मी तं चांगलंच बोललो होतो, सर." मग उठून गेले. 'एकच पुर्जा' हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्याकोऱ्या पेटीचं बटण उपटून काढलं आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकून वर रंग फासला. आता गोळी मारायची तर पायानंच. गिऱ्हाइकं वैतागली. "काकाजी, बटन कोठी गेलं?"

"याच्यात पायच लागते," एवढंच ते सांगायचे. काहीजण शिव्या घालत बसस्टँडकडे गेले. काकाजींनी जाऊ दिलं.

मी विचारलं, "बटण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्याला जे हवं ते त्यानं वापरलं असतं."

"मंग पायडल कोन वापरते, हे लोक पाह्यतेत," ते म्हणाले. "एकट्यानं वापरलं तं ते त्याचं पायडल होते जी. सगळ्यायनं वापरलं तं मशीनचं."

मी म्हटलं, रामाकोन्याला जाऊन सुखदेवला सांगून येतो. त्यांनी माझा हात धरला. "काही सांगू नका त्याले. सांगतलं का पुन्हा त्याच्याचसाठी झालं."

म्हणून आम्ही वाट पाहिली. पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी आमचा आडदांड पटवारी त्या पायडलवर उभा होता. डोळे पडद्यावर, हात दांड्यावर, आणि पाय ऐनवेळी जमिनीवर आपटत होता. विमान पडलं, पटवारीही पडता पडता राहिला. दुकान हसत होतं आणि दारातून आणखी एक हसू ऐकू आलं. सुखदेव बाहेर उभा राहून बघत होता. किती वेळ, कोण जाणे. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पटवाऱ्यालाच ओरडत होते, "हटा जी, लाइन हाय मांगं!"

सुखदेव रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली. डाव्या हातात दांडा, पायडलवर पाय. एक विमान पाडलं, दुसरं पाडलं, तिसऱ्यानं त्यालाच पाडलं. मिनिटभरात खेळ खलास. "अरे हारला!" कोणीतरी म्हणालं, आणि पटवारी सर्वांत मोठ्यानं हसला.

हे मला मागाहून कळलं, कारण सुखदेव रांगेत शिरताच मी क्लासात येऊन बसलो होतो. भिंतीवर धपाधप थापा पडल्या. "सर! हारला जी!" काकाजींचा आवाज आनंदानं फाटला होता. "सगळ्याइतकाच हारला!"

माझ्या टायपिंगच्या पोरींना कळेना की कोणी हरल्यावर सर डोळे का पुसतायत.

पुढे घरोघरी टीव्ही झाले आणि काकाजींना दुकानात बसणं जमेना. देवाघरी जाण्याच्या वर्षभर आधी त्यांनी पेटी विकली. मुलताईचा एक माणूस टेम्पो घेऊन आला होता. पेटी उचलायला आम्ही चौघे होतो, त्यात सुखदेवही. एक कोपरा त्यानं डाव्या हातानं आणि उजव्या कोपरानं पेलला होता. त्या माणसानं खाली वाकून पायडल पाहिलं आणि चक्रावून विचारलं, "हे कशाला? असलं मी कुठंच पाहिलं नाही. खेळाला पाय लागतो होय?"

सुखदेव पेटी धरून तसाच उभा राहिला. काकाजी खुर्चीत बसले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आमच्या इकडे सगळे असेच खेळतेत," ते म्हणाले.