भिंगातलं पान

कपाट आवरताना बाबांचं भिंग सापडलं. डबीच्या कुबट चामड्याच्या वासाने लखनौतल्या आमच्या गच्चीवरची हिवाळ्यातली एक दुपार आठवली. जीवाश्मांवर संशोधन करणाऱ्या बाबांनी माझ्या हातावर गार दगड ठेवला होता.

"फुलं नव्हती तेव्हाचं पान आहे हे. झाडं कशी बदलत गेली ते कळतं. मी म्हणतो म्हणून मानू नकोस, स्वतः बघ."

भिंगातून मला नुसता दगड दिसला.

"दिसल्या शिरा?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "हाँ, दिख गईं."

तेवढ्यावर मी उत्क्रांती मानली, पुढे वर्गात शिकवलीही.

आता बाबांना दिसत नाही. आज भिंग हातात देताच त्यांनी उशाशी ठेवलेला तोच दगड चाचपून भिंगासकट माझ्यापुढे केला.

"शिरा आहेत ना अजून?"

मी बराच वेळ बघितलं. दगडच होता.

"आहेत, बाबा."