कोरडा सदरा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. आता ती नाही, मुली आपापल्या घरी — बोलायचं तरी कुणाशी? म्हणून तुम्हाला सांगतो.

सुभाष माझा धाकटा भाऊ. चाळीसगावजवळ आमची शेती सामाईक, पण हुकूम माझा. त्याला मीच वाढवलं, हे मी लोकांना फार ऐकवायचो.

आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाचं काम त्याच्या पाठीवर दिसतं. सदरा ओला, वर मिठाचे पांढरे डाग — म्हणजे गडी राबला. सदरा कोरडा — म्हणजे निंबाखाली बसला. सुभाषचा सदरा कायम कोरडा. मजुरांसमोर मी त्याला ‘नवरदेव’ म्हणायचो. सगळे हसायचे, तोही हसायचा.

“भाऊ, मना आंगले घामच येत नही,” असं तो कितीदा म्हणाला असेल. कामचोराला बहाणे शंभर, असं मला वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात त्याला नाशिकच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे त्याची घामाची तपासणी झाली. अंगभर पिवळसर पूड लावून त्याला तापवलेल्या खोलीत निजवलं, कुणीतरी सतत जवळ. घाम फुटेल तिथे पूड जांभळी होते. सुभाषच्या कपाळावर आणि एका काखेत जांभळी छटा आली, बाकी सगळा पिवळाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — छातीचे ठोके, पचन, घाम, ही कामं आपण न सांगता काही नसा करतात. त्यांपैकी घामाच्या नसांचा हुकूम याच्या कातडीपर्यंत पोचत नाही. का पोचत नाही, ते एकट्या पुडीवरून कळत नाही. त्यासाठी घरच्यांनी नीट सांगायला हवं.

पण तो दवाखान्यात का पोचला? टाळतोय मी — कळतंय मला.

आम्ही कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होतो. सुभाष ओळीत दिसेना. विहिरीकडे गेलो, तर हा हौदात सदरा बुचकळून, पिळून, पुन्हा अंगात घालतोय. घामाचं सोंग! खरं सांगू? मला आनंद झाला. चोर सापडला ना. त्याला तसाच धरून सगळ्यांसमोर आणलं, ओला सदरा उतरवला, झाडावरचा माझा कोरडा सदरा घालायला लावला. आज हौदाकडे फिरकायचं नाही, म्हणालो.

“भाऊ, वला सदरामा जीवले बरं वाटस,” एवढंच तो म्हणाला. आणि कामाला लागला.

दुपारी तो ओळीतच पडला. अंग तव्यासारखं, तोंडाने असंबद्ध बडबड. मजुरांनीच त्याच्यावर हौदाचं पाणी ओतलं. मी उभा होतो.

“ज्याला घाम येत नाही, त्याचा ओला कपडा हाच त्याचा घाम,” डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं — घाम येत नाही, हे कधीपासून?

“याच उन्हाळ्यापासून,” मी म्हणालो.

वर्षानुवर्षांपासून, असं म्हटलं असतं तर तेवढी वर्षं मी काय करत होतो, हेही सांगावं लागलं असतं. सुभाष बाजूच्याच खाटेवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

दुखणं ताजं आहे, आशा आहे, असं म्हणत बाईंनी जोरकस औषधं सुरू केली. त्याचं तोंड सुजलं, झोप उडाली, साखर वाढली. घाम काही आला नाही. ताज्या दुखण्यात असं का व्हावं, याचं बाईंना कोडं पडलं. मीही त्यांच्यासोबत मान हलवली. तेव्हा तरी बोलता आलं असतं. नाही बोललो.

आता शेतात मी एकटाच जातो. सुभाष उन्हाळाभर ओट्यावर बसून असतो, खांद्यावर टॉवेल. शेजारी पाण्याची बादली असते. संध्याकाळी मी घामाने निथळत घरी येतो आणि त्याच्याजवळ बसतो. दवाखान्यात माझं खोटं ऐकून तो गप्प का राहिला, हे मी त्याला विचारलेलं नाही.

टॉवेल वाळला की तो हातात घेतो, पण बादलीत लगेच बुडवत नाही. आधी माझ्याकडे बघतो.

“भाऊ, वला करू का?”

अजून विचारतो. मी हो म्हणतो.