ओल्या पुठ्ठ्याचा वास

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सहा. ऑस्ट्रेलियातलं डार्विन, आमचा मागचा व्हरांडा. हजर: मी, नवरा, आणि पलीकडच्या गल्लीतलं नागपूरचं जोडपं. तो नवऱ्याबरोबर गॅस प्लांटवर, ती हॉस्पिटलात मेंदूविकारांच्या वॉर्डमध्ये नर्स. गैरहजर: मुलगी. युनिव्हर्सिटीचं काम आहे, असा मेसेज.

महिन्यातून एकदा आम्ही फ्रेंच बाटली उघडतो आणि आपलं कुठलं जेवण तिच्याबरोबर जमतं ते वहीत लिहितो. एका रकान्यात माझं मत, एका रकान्यात नवऱ्याचं, ज्याचं त्याने लिहायचं. या वेळी ऱ्होन खोऱ्यातली रेड होती, ग्रनाश, सिरा आणि मूर्व्हेद्र अशा तीन द्राक्षांची मिळून केलेली. ही आम्ही आधीही प्यायलो होतो. मटणाच्या रश्शाबरोबर उत्तम, भरल्या वांग्याबरोबर बरी, चिंचेच्या आमटीबरोबर अजिबात नाही. खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. आमची खोली बत्तीस अंशांवर, म्हणून अर्धा तास फ्रीजमध्ये. लांब वीज चमकत होती, पाऊस येत नव्हता आणि झाडाचं पान हलत नव्हतं.

आमच्यात नाक नवऱ्याचं. आधी तो हुंगतो, मग बाकीचे पितात. त्याने ग्लास फिरवला, नाक आत घातलं.

"मस्त. काळी मिरी, पिकलेलं जांभूळ. रस्सा वाढ."

मी ग्लास तोंडाशी नेला आणि थांबले. ओला, कुजलेला पुठ्ठा. बूच खराब असलं की वाइनला असा वास येतो, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

"मेट, हे जांभूळ कुठल्या गटारातलं?" मित्र म्हणाला.

"तू बिअरवाला. तुला काय कळतंय?" नवरा हसला आणि अर्धा ग्लास प्यायला.

"वहिनी, तुम्हीच सांगा याला."

"बूच गेलंय," मी म्हणाले.

नवऱ्याने पुन्हा हुंगलं. आणखी एकदा. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "सर्दी असेल," तो म्हणाला. सर्दी नव्हती.

"अरे, प्लांटवर जपून हं," मित्र म्हणाला.

"तिथे नाकाने कोण गॅस शोधतं? डिटेक्टर लावलेत ना."

दोघे हसले. नर्स हसली नाही. "भाऊजी, वास कधीपासून येत नाही?"

"येतो की."

ताटं उचलून ती माझ्यामागे किचनमध्ये आली आणि तिने नळ मोठा सोडला. "ताई, त्यांचं अक्षर हल्ली बारीक झालंय का?"

मी वही उघडली. फेब्रुवारीतलं त्याचं अक्षर रकान्याबाहेर सांडलं होतं. ऑक्टोबरातलं मुंगीएवढं, ओळीच्या शेवटी आणखी आक्रसलेलं. दर महिन्याला ही पानं मीच उलटत होते. बघत होते ते फक्त पदार्थ.

"चालताना उजवा हातही हलत नाही त्यांचा," ती म्हणाली. "आधी वाटलं, खांदा दुखत असेल."

"म्हणजे काय झालंय?"

"पार्किन्सन्स असू शकतो. नसेलही. वास तर कोविडनंतरही जातो. पण अक्षर कोविडने बारीक होत नाही. जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे न्या, न्यूरोलॉजिस्टसाठी चिठ्ठी घ्या. मी बोलू भाऊजींशी?"

"नको. मी सांगते."

बाहेर तो त्याच बाटलीतून दुसरा ग्लास भरत होता. डाव्या हाताने.

आज बुधवार. वादळाच्या हंगामासाठी पाणी, टॉर्च, बॅटऱ्या: आणल्या. गटारं साफ: झाली. जीपीची अपॉइंटमेंट: सोमवार सकाळी नऊ, घेतली. त्याला वाटतंय ती माझ्या बीपीसाठी आहे आणि त्याला फक्त गाडी चालवायची आहे. परवा त्याने शिफ्टही बदलून घेतली, "तू एकटी नको जाऊस" म्हणाला. त्याच वेळी बोलायला हवं होतं.

त्याला सांगणं: बाकी.