तपासणीच्या दिवसाची पाटी

शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी मला 'क' काढायला सांगितला आणि मी तो पाटीवर बोटानं काढला.

काही उमटलं नाही. मी पुन्हा काढला, जरा दाबून. मग सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. मास्तरांकडे वळून म्हणाले, "सरकार यांना पाट्या पुरवतं, आणि ही यांची प्रगती." मास्तर म्हणाले, "काय करणार साहेब, रक्तातच नाही."

पेन्सिल माझ्या मांडीपाशी पडली होती. तिनं लिहितात हे मला ठाऊक होतं. आतल्या मुलींना मी रोज बघायचे. पण माझ्या हाताला ती कधी लागली नव्हती. आम्ही महारवाड्यातली पाच पोरं शाळेच्या अंगणात बसायचो, मातीत बोटानं अक्षरं काढायचो. माझा 'क' चांगला होता. साहेबांना भ्याले आणि हात सवयीनं गेला.

पाट्या आमच्याच होत्या. आमच्या पोरांसाठी म्हणून सरकारनं बेळगावहून पाठवलेल्या. मास्तरांनी त्या कपाटात कोंडल्या होत्या. साहेब येणार त्या दिवशी आम्हाला अंघोळ करून बोलवायचं, आत शेवटच्या रांगेत बसवायचं, हातात पाट्या द्यायच्या. साहेबांनी ते लिहून नेलं की शाळेची सरकारी ग्रँट चालू. माझी ती पहिलीच तपासणी.

साहेबांचा टांगा निपाणीच्या रस्त्याला लागला आणि मास्तर म्हणाले, "पाट्या पायरीवर ठेवा. लांब व्हा." चौघांनी ठेवल्या. मास्तर वरून तांब्यानं पाणी ओतू लागले. आम्ही धरलेल्या पाट्या धुवत होते. त्यांच्याच अंगाला काही घाण लागलीय आणि ती ते आमच्यादेखत धुताहेत, असं मला वाटलं.

"तू गं? ठेव."

"न्हाय."

मास्तरांना मी उलटून बोललेला तो पहिला शब्द.

"काय म्हणालीस?"

"माझी हाय. सरकारनं दिलीया."

"सरकार काय तुझा मामा लागतो?"

आतली पोरं पुन्हा हसली. मास्तरांनी लांबून छडी मारली. बोटांवर. पुन्हा मारली. मी पाटी छातीशी धरली. ते पुढं येईनात. पाटी ओढायची तर मला शिवावं लागणार होतं. एवढा मोठा माणूस, हातात छडी, आणि माझ्या हातातली पाटी त्याला घेता येत नव्हती. मी दिली तरच त्याला मिळणार होती. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. वय आठ.

मग माझ्या बापाला, आप्पाला बोलावलं. आप्पानं माझी बोटं एकेक करून सोडवली, पाटी पायरीवर ठेवली, कमरेत वाकला. "लेकराचं चुकलं, मायबाप." वाटेत मला म्हणाला, "गप ऱ्हा गं बाई. गावात ऱ्हायाचं हाय आपल्याला." आप्पावर मी रागावले नाही. पण 'मायबाप' या शब्दाची मला आजही किळस येते.

पुढं मावशीकडं निपाणीला राहून मी चौथी झाले. लग्न करून याच भागात, दुसऱ्या गावात आले. इथंही तसलीच शाळा, तसलंच अंगण. माझी मुलगी तिथं बसते.

काल इथले मास्तर महारवाड्याच्या तोंडाशी उभे राहिले. "उद्या तपासणी आहे. पोरीला अंघोळ घालून पाठव."

परक्या माणसाशी मी दाराआडून बोलते. काल बाहेर आले.

"रोज आत बसिवणार काय, मास्तर?"

"मी काय करू? गाव ऐकत नाही."

"मग उद्याबी न्हाय."

"अगं, ग्रँट जाईल शाळेची!"

"जाऊ द्या."

नवरा म्हणाला, "शाळा बंद पडली तर आपलीच पोरं शिकायची ऱ्हात्याल की." खरं आहे. भीती मलाही आहे. पण गावच्या पोरांना आत बसता यावं म्हणून आमची पोरं एक दिवस दाखवायला न्यायची आणि मग अंगणात हाकलायची, हे शिक्षण नाही. शाळा बंद पडली तर मला येतं तेवढं वाड्यातल्या पोरांना मी शिकवीन.

आज मी घरोघर फिरले. प्रत्येक दारात बोलले. उद्या साहेब येतील तेव्हा शेवटची रांग रिकामी असेल. आमचं एकही पोर जाणार नाही.