शशीताई घरीच गेली

शशीताईच्या नवऱ्याचा, दिनकरभाऊजींचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकले होते. पुढचं काही हलत नव्हतं. "उज्ज्वला, शशी गेली गं," ते म्हणाले आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुठे?" हृदयाच्या दुखण्याने ती दोन वर्षं डोंबिवलीतल्या घराबाहेर फारशी पडली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी ती सतत डोंगरात जायची, तेव्हापासून 'कुठे' विचारायची सवयच पडली होती. भाऊजी म्हणाले, "घरी गं. जेवली, जरा पडते म्हणाली आणि झोपेतच. आपल्या पलंगावर." त्यांचा आवाज रडवेला होता, पण त्यात एक सुटकाही होती. गाडी कडेला घेऊन मी रडले, आणि रडतानाही मनात येत होतं, बरं झालं, बर्फात नाही गेली.

कोपरीच्या बँकेत शशीताई आणि मी शेजारी शेजारी बसायचो. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. पन्नाशीनंतर लोक गुडघ्यांना तेल लावतात, त्या वयात हिने हिमालयात जाऊन गिर्यारोहणाचं प्रशिक्षण घेतलं आणि दर हिवाळ्यात ठाणे-डोंबिवलीच्या हौशी माणसांना बर्फात न्यायला लागली. एका वर्षी मी आणि माझा नवरा माधव तिच्या गटात गेलो. तयारी आमच्याच इमारतीत झाली. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या सॅक घेऊन जिने चढायचे, वर पोचलं की जाड हातमोजे घालून बुटाच्या नाड्या बांधायच्या. वॉचमन हसायचे. आम्हीही हसायचो. शशीताई मात्र हसायची नाही. "तिथे मोजा काढलास की बोटं गेली. इथेच शिक." एक गोष्ट ती सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावायची, अंगाला लागून सुती कपडा नको. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि वारा सुटला की तोच तुम्हाला गोठवतो. माधव मॅरेथॉन धावणारा माणूस. "ताई, बनियनशिवाय मला कपडे घातल्यासारखं वाटतच नाही हो," म्हणायचा. तिला वाटलं, चेष्टा करतोय. मलाही तसंच वाटलं.

उत्तराखंडातल्या एका गावातून आम्ही चढायला लागलो ती सकाळ लख्ख होती. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, म्हणजे चढताना घाम येत नाही, असं म्हणत तिने सगळ्यांना वरची जॅकेटं काढायला लावली. पाण्याच्या बाटल्या मोज्यात गुंडाळून सॅकमध्ये उलट्या ठेवायला लावल्या, कारण पाणी वरून गोठत येतं. बुटांना लोखंडी खिळ्यांचे पट्टे बांधून आम्ही डोंगराच्या बर्फाळ धारेवर आलो. एका बाजूला वाऱ्याने बर्फाचा छज्जा पुढे आणला होता, वरून अगदी भक्कम दिसणारा. "त्याच्याखाली काही नाही, हवा आहे," असं सांगून ती आम्हाला त्यापासून लांबून नेत होती. शिखर समोर दिसत होतं. हात लांबवला तर लागेल, असं.

तेवढ्यात वारा सुटला. सुटा बर्फ धारेवरून धुरासारखा उडायला लागला. माधव आधी कुडकुडत होता, विनोद करत होता. मग त्याचं कुडकुडणं थांबलं. मला हायसं वाटलं... वाटलं, अंग तापलं असेल. शशीताईने मात्र गट थांबवला. "माधव, तुमच्या बिल्डिंगचं नाव काय रे?" तो तिच्याकडे बघत राहिला. मग चिडला, "कशाला पाहिजे?" जीभ जड झाली होती. त्याला नाव आठवत नव्हतं.

"वळा," ती म्हणाली. "सगळे."

बाळकुमचा निखिल म्हणून एक तरुण इंजिनिअर होता, त्याला राहवेना. "ताई, समोर तर आहे! तुम्ही यांना घेऊन उतरा, मी टच करून लगेच येतो ना."

"एकटा? या वाऱ्यात? नाही जायचं."

"परत कधी येणार आपण?"

"अरे, डोंगर कुठे जातोय? त्याला काय बिल्डर उचलून नेणारे? माणूस गेला तर मी घरी काय सांगू?"

खडकाच्या आडोशाला तिने माधवचे कपडे उतरवले. आत बनियन होती, घामाने चिंब. कोरडे लोकरी कपडे आणि वर स्वतःचं पिसांचं जॅकेट त्याला चढवलं, थर्मासमधलं साखरेचं गरम पाणी घोटघोट पाजलं. मग ती एका बाजूला, गावचा वाटाड्या दुसऱ्या बाजूला, असं त्याला मधे धरून आम्ही उतरू लागलो. ती स्वतः साध्या स्वेटरवर होती. मागे वळून पाहिलं तर धार ढगात बुडाली होती आणि आमची पावलं पुसली गेली होती. निखिलनेही ते पाहिलं. पुढे येऊन त्याने मुकाट्याने तिची सॅक उचलली.

गाव जवळ आल्यावर माधवचे दात पुन्हा वाजायला लागले. मी घाबरले, पण शशीताई ओरडली, "कुडकुडतोय! शाब्बास रे! अंग पुन्हा थंडीशी झगडायला लागलं!" चुलीजवळ बसल्यावर त्याने हळूच आमच्या बिल्डिंगचं नाव सांगितलं, मजला सांगितला, वर "लिफ्ट बंद असते" हेही सांगितलं. आम्ही इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने ती दिसेना म्हणून मी घरामागे गेले. भिंतीला टेकून उभी होती. "उज्ज्वला, मी फार घाबरले होते गं," म्हणाली. मी तिला मिठी मारली. शिखराचं नावही कुणी काढलं नाही.

पुढे डॉक्टरांनी तिला उंचीवर जायला बंदी केली. आम्हाला वाटलं, भांडेल. नाही भांडली. "आता वळायची वेळ माझी," एवढंच म्हणाली आणि गट वैशालीवर सोपवला. वैशाली तिच्याच हाताखाली तयार झालेली.

गेल्या रविवारी आम्ही दोघं भाऊजींकडे गेलो. तिथे एक लहान खोली आहे, तीत दांडीवर पिसांच्या झोपण्याच्या पिशव्या उलगडून टांगलेल्या असत. घड्या घालून दाबून ठेवल्या की पिसं चपटी होतात, ऊब मरते, असं शशीताई म्हणायची. ती गेल्यापासून भाऊजीच खोलीत जातात, पंखा लावतात, एकेक पिशवी झटकून पुन्हा टांगतात. वैशाली त्या न्यायला आली होती. पुढच्या महिन्यात तिचा गट निघतोय. भाऊजींनी एकेक पिशवी तिच्या हातात दिली, शेवटची जरा रेंगाळत. दांडी रिकामी झाली.

त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता इथे कपाट टाकू या का?"

"अरे, कपाट कसलं?" भाऊजी म्हणाले. "मार्चमध्ये परत येतील त्या ओल्या होऊन. टांगायच्या कुठे मग?"

आणि त्यांनी खिडकी उघडली, हवा यायला.