भाजलेली लाकडं

आईला दमा होता. कुंभकोणमला आश्विन-कार्तिकात पाऊस असतो, तेव्हा वखारीतून येणारं सुरूचं लाकूड ओलंच असायचं. दोन फुंकरा मारल्या की ती भिंत धरून उभी राहायची. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. आईचा श्वास हे मी माझं काम समजत होते.

दारासुरमच्या वाटेवर पितळेची भांडी ओतणारं एक घर होतं. तिथल्या बाईनं मला तमिळमध्ये सांगितलं, "लाकडाला आधी बाहेर रडू द्या, अम्मा. मग घरात घ्या."

कृतीही तिनंच सांगितली: रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वीतभर तुकडे भरायचे, झाकण चिखलानं लिंपायचं, एक भोक ठेवायचं, खाली तुसाची धग. आधी पांढरी वाफ येते, मग डोळे झोंबवणारा पिवळट धूर. तो विरळ झाला की भोक बुजवून डबा पुरता निवू द्यायचा. पहिला डबा मी घाईनं उघडला आणि सगळं पेटलं. दुसऱ्याचा कोळसा झाला. तिसऱ्या खेपेला लाकूड भाजलेल्या काफीच्या बियांसारखं उतरलं, हातानं काडकन मोडणारं. चुलीत धूर जवळजवळ नाहीच.

"आता सासरी जाताना हा डबाच डोक्यावर घेऊन जा," आई म्हणाली. एरवी बसून रात्र काढणारी ती, त्या आठवड्यात आडवी होऊन झोपली. मला हुरूप आला. घरातलं होतं नव्हतं ते कोरडं लाकूड मी भाजून टाकलं.

मग आजोबांचं श्राद्ध आलं. यादी माझीच: तीळ, दर्भ, केळीची पानं, उडीद, तूप. सगळं आदल्या दिवशी हजर. सकाळी ओल्या लुगड्यानं आई चुलीपाशी आली, भाजलेल्या लाकडांकडे पाहिलं आणि थांबली.

"हे नको. कच्चं आण."

"आई, लाकूडच आहे ते."

"भाजलं म्हणजे शिजलं. पितरांच्या चुलीत शिळं घालू?"

"तुला धूर सोसणार नाही."

"एका दिवसाचं काय गं! तू यादी कर, सोवळं माझ्यावर सोड."

कच्चं कोरडं लाकूड घरात उरलंच नव्हतं. मागच्या पडवीत नुकतीच टाकलेली ओली मोळी होती, तीच दिली. श्राद्धाचा स्वयंपाक सुनेचा, म्हणजे आईचा; मला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. दुपारपर्यंत मी दाराबाहेरून खोकला ऐकत राहिले. वडील आत भटजींसमोर पिंड देत होते.

संध्याकाळी तिला बसवतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला तेच भटजी आले. वडिलांनी सहज बोलावं तसं लाकडाचं सांगितलं.

"सर्पणाला कसला दोष? कोळशावरही चालतं. मला विचारायचं होतं, बाई."

ते माझ्याकडे बघून बोलले होते. ते आमच्याच गल्लीत राहायचे, आमच्या घरापासून चौथं घर.

तेराव्यानंतर स्वयंपाक माझ्याकडे आला. भाजलेल्या लाकडाचे चार डबे भरलेले होते, ते पोंगलपर्यंत पुरले. धूर अजिबात होत नव्हता. वडील जेवायला बसले की म्हणायचे, "चूल चांगली चालते आहे." मी वाढत राहायचे.