ज्वारीच्या डब्यातलं घड्याळ

कुंभार पिंपळगावच्या बसथांब्याजवळ तातेराव खरातांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी माझं झेरॉक्सचं. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही, ते त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, हसत हसत सांगितलंय.

तातेरावांना एक खोड आहे. कुणी म्हणालं, "घड्याळ बराबर चालतं," की ते विचारतात, "कोणत्या कुशीवर?" मशीनचं घड्याळ उताणं ठेवलं की एक चाल, कुशीवर ठेवलं की दुसरी, हे ते प्रत्येकाला समजावून सांगतात. येणारा बहुतेक वेळा फक्त सेल बदलायला आलेला असतो. तो मान हलवतो आणि एस.टी. पकडतो.

गेल्या डिसेंबरात एकदा बाजाराच्या दिवशी जगन्नाथराव कुलकर्णी आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, राहायला जालन्यात. शेतावर चक्कर टाकायला इकडे येतात. मनगटावर बशीएवढं घड्याळ. तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणं.

"आमच्या पार्थनं, पुतण्यानं, दुबईहून आणलंय," ते म्हणाले. "स्वित्झर्लंडचं आहे. पण रोज दहा-पंधरा सेकंद मागं पडतं. बघा जरा."

तातेरावांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. एरवी झाकण उघडलं की त्यांचं तोंडही उघडतं. त्या दिवशी त्यांनी आत नखानं जरा खरवडलं आणि झाकण परत लावून टाकलं. मग म्हणाले, "सात दिवस ठेवा, साहेब. तपासून सांगतो."

जगन्नाथराव गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"नक्कल हाय. आत कंपनीचं नाव नुसतं चिकटवलंय, नखानं निघून राह्यलंय." एवढं सांगून त्यांनी घड्याळ माझ्या कानाला लावलं. "पन मशीन काय गोड चालतंय! सेकंदाला आठ ठोके. ऐका!"

तपासणी सोपी नव्हती. त्यांच्या लेकीनं, पायलनं, मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. ते टिकटिक ऐकतं आणि घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढं-मागं होईल ते सांगतं. पण थांब्यावर शांतता कुठली? एका एस.टी.च्या हॉर्ननं घड्याळ दिवसाला नऊ मिनिटं पुढं काढलं. मग तातेरावांनी ते घरी नेलं. घरी टीव्ही, मिक्सर आणि केशरबाई. शेवटी एका सकाळी त्यांनी मोबाईल आणि घड्याळ दोन्ही ज्वारीच्या अर्ध्या भरलेल्या डब्यात ठेवली, वर झाकण लावलं, आणि कुणाला न सांगता आंघोळीला गेले.

केशरबाई दळणासाठी ज्वारी काढायला गेल्या, तर डब्यात टिकटिक! त्या अंगणात धावल्या. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "पोलिसांना फोन लाव, जल्दी!"

न्हाणीतून तातेराव ओरडले, "डब्याला हात लावू नका! अजून पाच मिनिटं हायेत!"

हे ऐकून दोघी थेट रस्त्यापर्यंत पळाल्या.

सात दिवसांत तातेरावांनी ते घड्याळ उताणं, पालथं, बटणं वर करून, बटणं खाली करून, सगळ्या तऱ्हेनं तपासलं आणि आकडे लिहून ठेवले. दिवसाला चार सेकंद पुढं. मात्र वरचं बटण दाबून शर्यतीची वेळ मोजायचा मोठा काटा चालू केला, की घड्याळ तेरा-चौदा सेकंद मागं पडायचं.

आता सांगायचं कसं, हा प्रश्न होता. केशरबाई म्हणाल्या, "त्यांनी खरं का खोटं हे कुठं विचारलं? बराबर चालतं का एवढंच विचारलं ना? मंग तेवढंच सांगा."

तातेरावांनी तसंच ठरवलं. जगन्नाथराव आले तेव्हा म्हणाले, "साहेब, तुम्ही तो मोठा काटा सारखा चालू ठेवता का?"

"मग! थांबलेला काटा मेल्यासारखा दिसतो."

"तो धावायची शर्यत मोजायचा काटा हाय. तेचं वझं सगळ्या मशीनवर येतं. तो बंद ठेवा, घड्याळ बराबर चालंल."

जगन्नाथराव खूश झाले. "हे मला कागदावर लिहून द्या. कंपनीच्या नावासकट."

तातेरावांचं पेन थांबलं. खोटा सेकंद त्यांनी कधी लिहिला नव्हता, मग खोटं नाव कसं लिहिणार? ते हळूच म्हणाले, "साहेब, नाव वरचं हाय. आतलं न्हाई."

मी झेरॉक्स मशीनकडे बघत राहिलो. जगन्नाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एकदम हसायला लागले. "वाटलंच होतं. आम्ही पाच भाऊ. त्यानं बापासकट आम्हा पाचांनाही हेच घड्याळ दिलंय. एवढं स्वित्झर्लंड त्याला परवडेल कसं?" मग त्यांनी विचारलं, "पाचांत माझं कितवं येईल?"

तातेरावांचा चेहरा असा उजळला, की मी तसा कधी पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात पाचही घड्याळं त्यांच्या टेबलावर होती. बाकीच्या चार भावांनाही खरं काय ते कळलं होतं. पण 'पार्थला बोलायचं नाही' यावर, आयुष्यात पहिल्यांदाच, पाचांचं एकमत झालं होतं.

निकाल लागला. धाकट्याचं घड्याळ पहिलं, तीन सेकंद. जगन्नाथरावांचं दुसरं.

"एका सेकंदानं?" जगन्नाथराव उसळले. "तातेराव, काहीतरी करा!"

तातेरावांनी पुन्हा भिंग लावलं, बारीक काटकीनं चाल कमी-जास्त करायची आतली पट्टी केसभर सरकवली आणि आणखी तीन दिवस मागून घेतले. तीन दिवसांनी ते दुकानात आले ते छाती पुढे काढूनच. दिवसाला फक्त दीड सेकंद!

जगन्नाथराव ते घालून जालन्याला गेले. दोनच दिवसांनी धाकटे कुलकर्णी गाडी काढून पिंपळगावात हजर. घड्याळ टेबलावर ठेवून म्हणाले, "दादाला सांगू नका. एक सेकंदावर आणा."